कबुतरखान्याचं वेड

जेम्स मॅटिसॉफ या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञांनी लॅटिन-ग्रीकचे तुकडे जोडून एका रोगाला नाव ठेवलं: कोलंबिक्युबिक्युलोमेनिया. लक्षण एकच. दिसेल ती गोष्ट कुठल्या तरी खणात कोंबल्याशिवाय रोग्याला चैन पडत नाही. इंग्रज लोक टपालाच्या खणाला कबुतराचं खुराडं म्हणतात, तेव्हा मराठीत याला कबुतरखान्याचं वेड म्हणायला हरकत नसावी. नाव ठेवणारे वैद्यबुवा स्वतःच अट्टल रोगी. उभी कारकीर्द त्यांनी शब्द खणांत लावण्यात घालवली, आणि कुळही असं निवडलं की त्यात भाषा किती, यावरच जाणकारांचं एकमत नाही.

तिबेटो-बर्मन हे ते कुळ. पाकिस्तानातल्या बाल्टिस्तानपासून लडाख, नेपाळ, ईशान्य भारत, म्यानमार करत ते चीनच्या युन्नानपर्यंत पसरलंय. भाषा अडीचशे म्हणा, चारशे म्हणा. भाषा कशाला म्हणायचं आणि बोली कशाला, यावर आकडा हलतो. आपल्याकडे या कुळातली मणिपुरी 1992 साली आठव्या अनुसूचीत आली, बोडो तिच्या मागून. बोडो तर आपल्यासारखीच देवनागरीत लिहितात. पण खिशातली नोट काढून उलटी करा आणि पट्टीतल्या पंधरा भाषा वाचा. या कुळाची एकही नाही. असमिया आहे, नेपाळी आहे. पण त्या दोघी आपल्याच माहेरच्या. मराठी माणसाला हे कुळ अनोळखी वाटलं तर त्याला एकट्याला बोल लावण्यात अर्थ नाही.

मॅटिसॉफ 1965 साली उत्तर थायलंडच्या डोंगरांत लाहू लोकांची भाषा शिकायला गेले. लाहूत सूर सात. एकच अक्षर सूर बदलून म्हटलं की अर्थ बदलतो. म्हणजे सर्दी झालेल्या माणसाला पाणी मागणंही जोखमीचं असणार. या भाषेचं भलंथोरलं व्याकरण त्यांनी 1973 साली छापलं आणि 1988 साली चौदाशेहून जास्त पानांचा कोश. डोंगरांपलीकडे जिचं नाव फारसं कुणी ऐकलं नव्हतं, तिला एवढा जाडजूड कोश! मोठमोठ्या राजभाषांनी हेवा करावा.

सूर मुळात येतात कुठून, हाही त्यांचा आवडता प्रश्न. शब्दाच्या टोकाची किंवा सुरुवातीची व्यंजनं झिजतात आणि जाता जाता आवाजाची पट्टी वरखाली करून जातात. व्हिएतनामीच्या बाबतीत ओद्रिकूर या फ्रेंच पंडितांनी हे 1954 सालीच दाखवलं होतं. मॅटिसॉफ यांनी त्या घडामोडीला ‘टोनोजेनेसिस’ हे नाव दिलं आणि ते चिकटलं. ध्वनी गेला, खूण राहिली, या प्रकाराला तर त्यांनी थेट ॲलिसच्या गोष्टीतल्या मांजराचं नाव दिलं. ते मांजर विरून जातं आणि त्याचं हसू तेवढं मागे उरतं ना, तेच. (आपल्या मराठीतही उच्चारातून गेलेले अनुस्वार असेच लेखनात हसत बसले होते. 1962 च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी ते हसूही पुसलं.) ह-कार आणि नाकातला उच्चार यांचं गूळपीठ जमतं, हे लाहू-थाईवरून त्यांच्या ध्यानात आलं, त्यालाही त्यांनी गेंड्याची आठवण व्हावी असं नाव दिलं, ऱ्हायनोग्लॉटोफिलिया. गंभीर परिषदेत हा शब्द चेहरा सरळ ठेवून उच्चारणं हीच एक परीक्षा असेल.

यिडिश भाषेवर त्यांनी 1979 साली एक छोटं पुस्तक काढलं, बोलता बोलता मधेच पेरल्या जाणाऱ्या आशीर्वाद-शापांचं. तिबेट-ब्रह्मदेशाशी त्याचा काही संबंध नाही, पण मराठी वाचकाला ते ताबडतोब कळेल. ‘पोरगा, दृष्ट न लागो, आता मिळवता झालाय, आणि तो मेला शेजारी, देव त्याचं भलं करो...’ अशी वाक्यं ज्या घरात रोज कानावर पडतात, तिथे या विषयाला वेगळी प्रस्तावना लागत नाही.

तरी माझ्या मते त्यांचा खरा पराक्रम ‘डोळ्या’त आहे. तिबेटी लेखनात डोळा ‘मिग’, बर्मी लेखनात ‘म्यक’. नाती उघड आहेत, पण एकातून दुसरा सरळ काढता येत नाही. काटेकोर पंडित म्हणेल, मूळ रूप एकच असलं पाहिजे, दुसऱ्याला हाकला. मॅटिसॉफ दोन्ही रूपं मांडतात, मिक आणि म्यक, आणि मधे एकमेकांत अडकलेल्या दोन कोनांची एक खूण टाकतात. त्यांच्या लेखी शब्दांचीही कुटुंबं असतात, आणि नेमकं नातं सांगता आलं नाही तरी, लग्नघरातल्या थोरल्या आत्याबाईंसारखी, ‘आपल्यातलाच आहे, बसू दे पानावर’ म्हणायची त्यांची तयारी असते. टीकाकारांनी यावर टोले हाणलेच: एवढी सैल मोट बांधली तर काहीही कशालाही जोडता येईल. टोला अगदीच पोकळ नाही. पण खणांचं वेड लागलेला माणूस एका खणात दोन कबुतरं सुखानं नांदू देतो, हे मला फार लोभस वाटतं.

दुसऱ्याचं काम पुरं करण्यातही त्यांनी वर्षं घातली. पॉल बेनेडिक्ट यांनी 1940 च्या दशकाच्या आरंभी या सगळ्या कुळाचा आराखडा लिहिला, आणि मग वैद्यकी शिकून ते मानसोपचारतज्ज्ञ झाले. बाड पडून राहिलं. तरुण मॅटिसॉफ यांनी ते उकरून काढलं, त्यावर तळटीपांचा पाऊस पाडला, आणि 1972 साली केंब्रिजनं पुस्तक छापलं. तुलनात्मक भाषाशास्त्र सोडून माणूस मनोरुग्णांकडे वळला, यात फार मोठा पालट झाला असं निदान विद्यार्थ्यांना तरी वाटत नसावं.

मग 1987 साली मॅटिसॉफ यांनी अमेरिकेत, बर्कलीच्या विद्यापीठात, सगळ्या कुळाच्या व्युत्पत्तिकोशाचा प्रकल्प काढला. रचना वर्णक्रमानं नव्हे, अर्थानुसार. आरंभ मानवी शरीरापासून. कारण उघड आहे, हात-पाय-नाक हे शब्द माणूस सहसा उसने घेत नाही. लाखो नोंदी गोळा झाल्या. वीस वर्षांची छाननी झाल्यावर, 2008 साली, पहिला भारदस्त खंड बाहेर आला. विषय: जननेंद्रियं. शेकडो भाषांतल्या ज्या शब्दांना आजीबाई पदराआड हसतात, किंवा चपला फेकतात, ते सगळे तिथे शिस्तीत, तारांकित मूळ रूपांसह. अनुदान देणाऱ्या समितीपुढे हा खंड कुणी कसा ठेवला असेल, हे डोळ्यांपुढे आणून मी बराच वेळ एकटाच हसलो.

प्रकल्प 2015 साली आटोपता घेतला. कोश पुरा झाला नव्हता. शब्दांचा सारा साठा सर्वांसाठी खुला करून ठेवला. अठ्ठावीस वर्षं झाली, आता पुरे, असं तिकडच्या लोकांना वाटलं असावं. येरवड्याला डेक्कन कॉलेजात संस्कृतचा कोश 1948 साली हाती घेतला, तिथे अजून ‘अ’ चालू आहे. पुण्याच्या हिशेबानं बर्कलीकरांनी जरा घाईच केली.