बाळापूरचे ब्रूमास्तर

पुण्याहून गावी परतलेला माणूस रिकामा बसत नाही. कुणी गच्चीवर मशरूम लावतो, कुणी मधमाश्या आणून शेजाऱ्यांशी वैर धरतो. आखाडा बाळापूरच्या आमच्या ब्रूमास्तरांना बिअर लागली. प्यायची नव्हे हो. अर्ध्या ग्लासात त्यांना झोप येते. करायची! २००९ साली पुण्यात डूलाली नावाची मायक्रोब्रुअरी सुरू झाली, तिथल्या टाक्यांसमोर हे तासभर उभे राहिले, आणि समोरच्या ग्लासातली बिअर कोमट झाली तरी यांचं लक्ष नाही. जात तिथंच कळली.

आता मुक्काम नांदेड-हिंगोली रस्त्यालगतच्या भाड्याच्या दोन खोल्यांत. पुढच्या खोलीत लॅपटॉप आणि माय, मागच्या खोलीत स्वयंपाक, देव्हारा आणि ब्रुअरी. ब्रुअरी म्हणजे पन्नास लिटरचं पातेलं, झाकणाला भोक पाडलेली बादली, मेडिकलमधून आणलेली सलाईनची नळी आणि तीन थर्मामीटर. तीन कशाला, तर दोघांचं पटलं नाही की तिसऱ्याला विचारायचं.

पहिला प्रयोग ज्वारीचा. दक्षिण आफ्रिकेत ज्वारीची बिअर पिढ्यान्‌पिढ्या होते, मग मराठवाड्यानं काय घोडं मारलंय, हा त्यांचा सवाल. ज्वारी भिजली, गोणपाटावर पसरली, मोड हातभर व्हायच्या बेताला आले. तेवढ्यात शेजारचे म्हैसवाले मामा डोकावले. "कोवळ्या ज्वारीनं जनावर दगावतंय, अन् तुम्ही माणसाला पाजायलाव?" मामांचं शास्त्र पक्कं होतं, ज्वारीच्या कोंबात सायनाइड तयार करणारं द्रव्य असतंच. ते चोळून काढता येतं वगैरे मास्तरांनी सांगून पाहिलं, पण मायनं तोवर सगळी ज्वारी उकिरड्यावर नेली होती. मग नांदेडहून जव आले.

जव जमले. चार-पाच दिवस मोड, गच्चीवर वाळवण, भरड, आणि मग पासष्ट ते सदुसष्ट अंशांच्या पाण्यात तासभर मुरवण. या तासात मास्तरांशी बोलायचं नाही. पिष्टाची साखर झाली का हे बघायला टिंक्चर आयोडीनचा थेंब टाकतात; निळा झाला तर अजून पिष्ट शिल्लक. घरात पोराचा गुडघा फुटला तेव्हा आयोडीनची बाटली रिकामी सापडली, त्यावरून जे झालं ते इथं लिहिण्यासारखं नाही. पुढं हॉप्सची फुलं टाकून उकळायचं. ती आपल्या देशात होतात लाहौलच्या खोऱ्यात. मायला एवढंच समजलं की कडूपणासाठी काहीतरी हिमाचलहून मागवायचंय. "कडूच पाहिजे तर गुळवेल टाक की रे. कुंपणावर हाय."

बायको लातूरकडची. वेळ अमावस्येला बिंदगंभर आंबील करणाऱ्या घरची. ताक, ज्वारीचं पीठ, एक रात्र. थर्मामीटर नाही, आयोडीन नाही. मास्तरांनी कौतुकानं त्या आंबिलीत पीएचची पट्टी बुडवली. त्या दिवसापासून त्यांना मागच्या खोलीत जायला विचारावं लागतं.

खरी गाठ पडली ती यीस्टपाशी. गावातल्या वकीलसाहेबांनी सहज सांगितलं, की १९४९चा दारूबंदी कायदा जागा आहे. परवान्याशिवाय दारू करणं गुन्हा, आणि यीस्ट पडलं की होणारी बिअर त्यात आली. मास्तर आठ दिवस सुन्न होते. मग अमेरिकेवर बोलू लागले. तिकडं घरच्या बिअरला मोकळीक देणाऱ्या कायद्यावर १९७८ साली सही केली ती जिमी कार्टरनी, आणि कार्टर म्हणजे भुईमुगाचा शेतकरी! "आपल्याकडं प्रत्येक पुढारी शेतकऱ्याचा पोरगा, अन् एकाला सुचू नये?"

तरी प्रयोग थांबले नाहीत. फक्त यीस्टच्या अलीकडं थांबतात. तिथं जे तयार असतं ते गोड, तपकिरी, धान्याच्या वासाचं पाणी. आटवलं की पोरांना दुधात घालायचं माल्ट. पोरं गुटगुटीत झालीत. बाकी सगळी रंगीत तालीम. यीस्टला अठरा ते बावीस अंश लागतात आणि मे महिन्यात आमच्याकडं पारा बेचाळिशी ओलांडतो, म्हणून मास्तरांनी साध्या पाण्याची बादली ओल्या गोणपाटात गुंडाळून आठवडाभर कूलरसमोर ठेवली. बादली सव्वीसवर आली. घर घामानं निथळत होतं. लाइट गेली की मास्तर आधी बादलीला वारा घालत.

पाण्याचा विषय मात्र त्यांच्यापुढं काढू नये. २०१६च्या दुष्काळात उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं मराठवाड्यातल्या मद्य कारखान्यांचं पाणी साठ टक्क्यांनी कापलं होतं, हे बायकोला पाठ आहे. घरच्या ब्रुअरीलाही तिनं तोच आदेश लागू केलाय.

हळदीच्या हंगामात मास्तर हळवे होतात. शिवारात हळद शिजवायचे वाफेचे मोठाले कुकर धुमसत असतात आणि हे बांधावर उभे राहून मनातल्या मनात लिटर मोजतात. एका मालकाला विचारूनही पाहिलं. त्यानं कुकरला थाप मारली. "घेऊन जा. पण पिवळी निघंल."

एवढ्या खटाटोपाचं कायमचं गिऱ्हाईक एकच: मामांची म्हैस. जवाचा चोथा तिला भलताच मानवलाय. मामा म्हणतात, दूध अर्ध्या लिटरनं वाढलं. (मामांचा अर्धा लिटर म्हणजे किती, हे गवळ्यालाही माहीत नाही.) परवा मास्तर ओसरीवर मायक्रोब्रुअरीच्या परवान्याची फी वाचून डोकं धरून बसले होते. मामा टोपलं घेऊन हजर.

"मास्तर, पुढचा घाणा कधी निघायलाय?"

"मामा, मी हे सोडून द्यायचं म्हणतोय."

मामांनी टोपलं खाली ठेवलं. "सोडा की. पण शनवारपर्यंतचा चोथा काढून ठेवा. म्हशीला सवय लागलीय."