श्री. लाल फडके यांना अनावृत पत्र

प्रति,
श्री. लाल फडके,
मु. पो. सळईचं शेवटचं टोक,
वाटेत कुठेही.

स. न. वि. वि.

पत्र अनावृत आहे म्हणून राग मानू नये. आपणही जन्मभर उघड्यावरच राहिलात. आडनावावरून आपण सदाशिव पेठेतले असाल असा कोणाचा समज व्हायचा; पण आपला जन्म कुठे जुन्या परकराच्या घेरात, कुठे फाटक्या साडीच्या काठात, तर कुठे मिठाईच्या दुकानातल्या प्लास्टिकच्या पिशवीत झालेला असतो. एका पावसाळ्यात लालाचे गुलाबी होता, दुसऱ्यात पांढुरके, तरी नोकरीवरून आपल्याला कोणी काढत नाही. गाडीच्या पुढे लिंबू-मिरची आणि मागे आपण. ती नजर लागू नये म्हणून, आपण नजर लागावी म्हणून. दोघांवरची श्रद्धा सारखीच. फरक इतकाच की लिंबू-मिरची दर शनिवारी बदलतात.

आपली नेमणूक कशी होते ते एकदा नीट पाहण्यासारखं आहे. जालन्याच्या किंवा आणखी कुठल्या रोलिंग मिलमधून निघालेली सळई साधारण 12 मीटर लांब असते. लोखंडाच्या दुकानातून ती साइटवर न्यायला येतो तो दहा फुटी हौद्याचा टेम्पो. दुमडून अर्धी केली तरी सहा मीटर उरतात, म्हणजे हौद्याच्या दुप्पट. मग गठ्ठ्याचं एक तोंड केबिनच्या टपावर चढतं, फाळका उघडा टाकला जातो, आणि दुसरं तोंड बाहेर लोंबतं. कधी तर थेट डांबरावर घासत जातं. तो खर्र आवाज आणि रात्रीच्या वेळी उडणाऱ्या ठिणग्या गावोगावच्या लोकांना पाठ आहेत. बांधणी म्हणाल तर बाइंडिंग तारेचे दोन वेढे आणि काथ्याची एक दोरी. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. इथे पीळ पहिल्या खड्ड्यातच जातो. सगळं झाल्यावर, गाडी सुरू झाल्यावर, कोणाला तरी आपली आठवण होते. धावत येऊन तो टोकाला आपली गाठ मारतो, फाळक्यावर दोन थापा देतो आणि ओरडतो, "जाऊ दे!"

माझा सगळा मुद्दा त्या गाठीत आहे. लोक आपल्याला इशारा समजतात. मला आपण कबुलीजबाब वाटता. ज्याने ती गाठ मारली त्याला माल बाहेर आलेला दिसला होता, तो कोणाच्या तरी अंगात घुसू शकतो हे त्याला उमगलं होतं, आणि तरीही गाडी थांबवायची नाही असं त्याने ठरवलं होतं. या तिन्ही गोष्टी लाल रंगात, सर्वांना दिसतील अशा, त्याने स्वतःच टांगून ठेवल्या. अपघातानंतर "लक्षातच आलं नाही हो" म्हणायची सोय असते. आपण तीही ठेवली नाहीत. भारतीय न्याय संहितेत निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्यास पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आणि मृत्यू घडू शकतो हे जाणून केलेल्या कृत्याने तो घडवल्यास दहा वर्षांपर्यंत. एखाद्या खटल्यात कोणतं कलम टिकेल ते वकिलांनी पाहावं. पण 'जाणून' या शब्दाचा वस्तुरूप पुरावा कसा दिसत असेल असं कोणी विचारलं, तर मी आपल्याकडे बोट दाखवीन.

आता कोणी म्हणेल, काहीच नसण्यापेक्षा फडकं बरं. आपल्या बाजूचा हा सगळ्यात जुना आणि सगळ्यात सभ्य युक्तिवाद, म्हणून त्याला जरा वेळ देतो. दिवसाढवळ्या, कोरड्या हवेत, आपण नवेकोरे असताना आपला उपयोग होतो हे मान्य. पण दोनशे वर्षांपूर्वी पुर्किन्ये नावाच्या चेक शास्त्रज्ञाने एक गोष्ट टिपून ठेवली आहे: उजेड मंदावला की डोळ्यांना सगळ्यात आधी लाल रंग काळपट दिसू लागतो, निळे-हिरवे रंग मागाहून. म्हणजे कामगार सुटतात, दुचाक्यांची गर्दी होते आणि साइटवर उद्याच्या स्लॅबसाठी माल पोचवायची घाई असते, नेमक्या त्या तिन्हीसांजेला आपण ड्यूटीवर असूनही नसल्यासारखेच. त्यात आपण रेडियमची पट्टी नव्हे, साधं कापड; हेडलाइटचा झोत परत पाठवणं आपल्याला जमत नाही. आणि आपण ज्याची राखण करता ती सळई? बाजूने पाहिली तर लांबलचक, पण बरोबर मागून पाहिली तर 12 मिलिमीटरचा ठिपका, शर्टाच्या बटणाएवढा. मागचा माणूस टेललाइटवरून अंतराचा अंदाज बांधतो, आणि गाडीचं खरं शेपूट टेललाइटच्या दीड मीटर अलीकडे हवेत तरंगत असतं. तेव्हा काहीच नसण्यापेक्षा फडकं बरं असेल. पण ही तुलनाच लबाडीची आहे. फडक्याची तुलना 'काहीच नाही'शी करून कसं चालेल? ती पट्ट्याशी, साखळीशी आणि लांब ट्रेलरशी करायला हवी.

पट्टा आणि साखळी कशाला, लोखंड आपल्या वजनानेच बसतं, असंही म्हणणारे आहेत, आणि ते म्हणताना पंजाने गठ्ठ्यावर एक चापट मारतात. हिशेब सोपा आहे. माल बांधण्याच्या गणितात लोखंडावर लोखंडाची पकड वजनाच्या पाचव्या हिश्श्याएवढी धरतात. तेल, धूळ, पाऊस असला तर त्याहूनही कमी. युरोपात आणि अमेरिकेत माल असा बांधावा लागतो की जोरात ब्रेक लागल्यावर वजनाच्या 80 टक्के जोर पुढच्या बाजूला आणि निम्मा जोर बाजूला व मागे आला तरी तो जागचा हलू नये. पाचवा हिस्सा कुठे आणि 80 टक्के कुठे! मधली सगळी तफावत बांधणीने भरून काढायची असते. ती काथ्याच्या दोरीवर सोडली की ब्रेकला सळया पुढे सरकतात आणि केबिनमध्ये बसलेल्याच्या पाठीशी येतात, चढावर आणि गतिरोधकावर मागे घसरतात आणि आपल्यासकट दुसऱ्याच्या काचेत जातात. गठ्ठ्याच्या बाहेरच्या सळयांना निदान दोरी लागते. मधल्यांना फक्त शेजारणींचा आधार. 16 मिलिमीटरची एक सळई 19 किलो भरते. चापट मारणाऱ्या गृहस्थांनी हा आकडा ध्यानात ठेवावा.

दुसरा आक्षेप प्रत्येक फाळक्यावर रंगवलेलाच असतो: अंतर ठेवा. मागून येऊन आदळला तर चूक मागच्याची, पुढच्याचा काय दोष? 12 जानेवारी 2025च्या रविवारी संध्याकाळी नाशिकला द्वारका परिसरातल्या उड्डाणपुलावर निफाडकडच्या धार्मिक कार्यक्रमाहून परतणाऱ्यांचा टेम्पो लोखंडी सळया नेणाऱ्या ट्रकवर मागून आदळला. कित्येकांचा जीव गेला. मालाच्या टेम्पोत माणसं भरली होती हेही खरं. वादापुरतं धरून चालू की चूक मागच्याचीच होती. मग मालट्रकच्या मागे, खालच्या अंगाला, तो आडवा लोखंडी दांडा कायद्याने का लावायला लावतात? मागचा माणूस चुकेल, झोपेल, त्याचे ब्रेक लागणार नाहीत, हे गृहीत धरूनच. चुकला तरी त्याची गाडी ट्रकखाली घुसू नये, धडक बंपरवर निभावावी, हा त्या दांड्याचा अर्थ. मोटारीचा चेपणारा पुढचा भाग, सीटबेल्ट, एअरबॅग, सगळी मांडणी चुकणाऱ्या माणसाला गृहीत धरून केलेली असते. सळई या सगळ्यांच्या वरून, काचेच्या उंचीवर येते. तिला बंपर लागत नाही, दांडा आडवा येत नाही, एअरबॅगला तर ती जुमानतही नाही. अंतर न ठेवण्याची शिक्षा एरवी वाकलेला पत्रा आणि रस्त्यावरची बाचाबाची एवढी असते; ती देहान्तापर्यंत वाढवण्याचा अधिकार लोखंडाच्या दुकानदाराला कोणी दिला?

तिसरा आक्षेप गरिबीचा. टेम्पोवाला हप्ते फेडतोय, घर बांधणारा कर्जात आहे, लांब ट्रेलर गल्लीत शिरत नाही. यातलं शेवटचं वाक्य खरं आहे, आणि त्यावरचा उपायही जुना आहे: सळई दुकानातच मापाने कापून, वाकवून घ्यायची. शहरांतल्या मोठ्या साइटवर कट-अँड-बेंडचा माल येतोच. बाकीच्या दोन वाक्यांतला गरीब मात्र सोयीने बदलतो. दोन टन सळईची किंमत लाखाच्या वर जाते. त्या बिलात चार चांगल्या पट्ट्यांचा खर्च भिंग घेऊन शोधावा लागेल. तो वाचवला म्हणून घर स्वस्त होत नाही, फक्त जोखीम मालाच्या मालकाकडून मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराकडे जाते, आणि तो दुचाकीस्वार काही सावकार नसतो. ड्रायव्हरलाच धरायचं असंही माझं म्हणणं नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 194मध्ये 2019 साली घातलेल्या तरतुदीप्रमाणे मर्यादेबाहेर माल काढून गाडी चालवणाऱ्याला 20,000 रुपये दंड आहे, वर माल उतरवण्याचा खर्च. आणि तसाच तो चालवायला लावणाऱ्यालाही आहे आणि चालवू देणाऱ्यालाही. माल नीट रचेपर्यंत गाडी हलवू द्यायची नाही असंही तिथेच लिहिलं आहे. 'चालवायला लावणारा' गल्ल्यावर बसलेला असतो. त्याच्या नावाने पावती फाटलेली आपण कधी पाहिलीत का? चौकाचौकांत आपला मुक्काम असतो, म्हणून विचारतो.

आणि हो, एक जरा नाजूक बाब. आपण सेवानिवृत्त झालेले आहात, हे आपल्याला कोणी कळवलेलं दिसत नाही. पूर्वी केंद्रीय मोटार वाहन नियमांत खांब, सळया यांसारखा लांब माल मागे एक मीटरपर्यंत बाहेर ठेवण्याची सवलत होती. आपला सगळा संसार त्या एका मीटरवर उभा होता. सेव्हलाइफ फाउंडेशनने सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली आणि 2014मध्ये ती सवलत नियमातून काढून टाकण्यात आली. म्हणजे तेव्हापासून आपल्याला फडकायला कायदेशीर जागाच नाही. तरी आपण रोज कामावर हजर. उसाच्या ट्रॉलीमागे, पाइपांच्या ट्रकमागे, हातगाडीवरच्या खिडक्यांच्या ग्रिलमागे आपले चुलतभाऊही हजर. पोलीस आपल्याला पाहतो आणि "फडकं बांधलंय" म्हणून गाडी सोडतो. त्याच्या दृष्टीने आपण परवाना झाला आहात. कबुलीजबाबालाच परवाना मानणारं खातं आणखी कुठे असेल तर मला ऐकायला आवडेल.

तेव्हा विनंती अशी, की आपण राजीनामा द्यावा. काच पुसायला, ऑइल टिपायला आपल्याला ट्रकमध्ये पुष्कळ मानाची कामं आहेत. आणि जाण्यापूर्वी एक उपकार करा: आपली गाठ कोणी मारली आणि "जाऊ दे" कोण म्हणालं, ती दोन नावं तेवढी कळवा.

आपला,
मागून येणारा

ता. क. उत्तर फडकून देऊ नये. विशेषतः संध्याकाळी सहानंतर, दिसत नाही.