माळकऱ्याला घेऊन वाइनरीत

थुवालमध्ये एकही वाइनरी नाही. त्यामुळे थुवालच्या वाइनरींना भेट देताना काय काळजी घ्यावी, हा विषय पहिल्याच वाक्यात संपतो. पण थुवालची माणसं सुट्टीत देशाबाहेर पडतात आणि वर्षभर ज्याचा थेंब दिसत नाही ते जिथे मिळेल तिथे आधी धाव घेतात. अशा माणसांना सल्ल्याची फार गरज असते. तो द्यायचं काम मी अंगावर घेतलं आहे.

थुवाल म्हणजे जेद्दाच्या उत्तरेला ऐंशी-एक किलोमीटरवर, तांबड्या समुद्राच्या काठचं मासेमारीचं गाव. २००९ साली तिथे राजे अब्दुल्ला यांच्या नावाचं विज्ञान-तंत्रज्ञान विद्यापीठ सुरू झालं आणि जगभरातली पीएच.डी. झालेली, होऊ घातलेली आणि होता होता राहिलेली मंडळी गावाच्या शेजारी येऊन वसली. आमचं मराठी घर त्यांतलंच. आवारात शाळा आहे, गोल्फचं मैदान आहे, देशभर सिनेमागृहांना बंदी होती तेव्हाही इथे सिनेमागृह होतं. नाही ती एकच गोष्ट.

ती का नाही, याची हकिकत वाइन चाखायला निघालेल्या प्रत्येकाने वाचावी. १९५१ साली जेद्दामध्ये एका मेजवानीत एका तरुण राजपुत्राला यजमानाने आणखी प्याला द्यायला नकार दिला. राजपुत्र संतापला, आणि शेवट असा झाला की त्याने ब्रिटिश उपवाणिज्यदूताला गोळी घालून ठार केलं. पुढच्या वर्षी राजे अब्दुलअझीझ यांनी देशात दारूबंदी केली. तेव्हा सूचना पहिली : यजमान 'आता पुरे' म्हणाला तर ऐकावं. एकाने ऐकलं नाही, त्याची शिक्षा आम्ही सत्तर वर्षांनंतरही भोगतो आहोत. २०२४ साली रियाधमध्ये एक दुकान उघडलं खरं, पण ते तेव्हा बिगरमुस्लिम राजनैतिक अधिकाऱ्यांपुरतं होतं. आमच्या ओळखीत एकही राजदूत नाही. असता तर त्याच्या घरी सत्यनारायणालासुद्धा आम्ही वेळेच्या आधी पोचलो असतो.

मात्र वाइन चाखण्याचं शिक्षण घ्यायला सौदीसारखा देश नाही. ऐकायला चमत्कारिक वाटेल, पण चाखण्यातलं बरंचसं काम नाकाचं असतं आणि नाकाला इथे सुट्टी नाही. जेद्दाच्या जुन्या बाजारात, बलदमध्ये, एका गल्लीत ऊद जळत असतो, पुढच्या गल्लीत वेलदोडे कुटत असतात. खजुराच्या दुकानात मदिनेची अजवा, कसीमची सुक्करी आणि अल-अहसाची खलास एकेक करून तोंडात घातली की कुठली नुसती गोड, कुठली करपवलेल्या साखरेसारखी, कुठली जरा तुरट हे महिन्याभरात कळायला लागतं. दुकानदार चाखायला देतो, विकत घ्यायची घाई करत नाही. नाशिकच्या द्राक्षबाजारात मी असं पाच जातींचं चाखून रिकाम्या हाताने निघालो असतो तर मागून काय ऐकू आलं असतं ते सांगत नाही.

दुसरं शिक्षण कॉफीचं. इथली कॉफी फिकट भाजलेली, वेलदोड्याची, कान नसलेल्या इवल्या पेल्यात, तीही तळाशी थोडीशीच ओततात. पेला काठोकाठ भरला तर पाहुण्याला 'आता निघा' असं सुचवल्यासारखं होतं. पेला उजव्या हातात धरायचा, पुरे झालं की किंचित हलवून परत द्यायचा. वाइनरीत गेल्यावर प्याल्याच्या बुडाशी जेमतेम दोन घोट पाहून मराठी माणसाच्या चेहऱ्यावर जो 'एवढीच?' उमटतो, तो आमच्या चेहऱ्यावर उमटत नाही. अरबांनी आमची ती सवय आधीच मोडलेली असते.

तिसरं शिक्षण 'सौदी शॅम्पेन'चं. सफरचंदाचा रस, सोडा, संत्र्याच्या आणि सफरचंदाच्या चकत्या, पुदिना. मोठ्या काचेच्या जगमध्ये येतं, फसफसतं आणि प्यायल्यावर माणूस होता तसाच राहतो. आमच्या मराठी मंडळींच्या दिवाळीला हेच असतं. फोटो नाशिकला पाठवले की तिकडून फोन येतो, 'तिकडे चालतं वाटतं?'

एवढी पदवी घेतल्यावर प्रात्यक्षिकाला आम्ही जॉर्जियात गेलो. जेद्दाहून विमानाने काही तासांचा रस्ता, आणि आखाती देशांत राहणारी निम्मी भारतीय जनता सुट्टीत तिबिलिसीतच भेटते. शिवाय वाइनचा सर्वांत जुना पुरावा तिथलाच. तिबिलिसीच्या दक्षिणेला सापडलेल्या सुमारे आठ हजार वर्षांपूर्वीच्या मडक्यांत द्राक्षाच्या वाइनचे अंश निघाले, हे २०१७ साली प्रसिद्ध झालं. नवशिक्याने मूळपीठाचं दर्शन आधी घ्यावं, असा आमचा विचार.

अडचण एकच होती. सासू-सासरे थुवालला आले होते. सासरे, म्हणजे अण्णा, निफाड तालुक्यातले द्राक्षबागाईतदार आणि गळ्यात तुळशीची माळ. उभं आयुष्य द्राक्षात गेलं, पण द्राक्षाचं पुढे काय होतं याच्याशी त्यांनी संबंध ठेवला नाही. 'आम्ही खायची द्राक्षं पिकवतो, प्यायची नाही,' हे त्यांचं वाक्य नाशिक जिल्ह्यात निम्म्या गावांत ऐकू येतं. त्यांना सांगितलं, डोंगर आहेत, जुनी देवळं आहेत. बायको म्हणाली, 'आणि बागा आहेत, अण्णा.' ते लगेच तयार झाले. गोडी छाटणी सुरू व्हायच्या आत परत पोचवायचं, एवढीच अट.

काखेती भागात सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये द्राक्षतोडणी असते. तिला तिथे र्तवेली म्हणतात आणि गावंच्या गावं बागेत असतात. आम्ही एका कुटुंबाच्या छोट्या तळघरात गेलो. सूचना दुसरी इथली : अत्तर लावून जाऊ नये. आमच्याबरोबरच्या एका स्नेह्यांनी जेद्दाहून निघताना कोटाला ऊद चोपडला होता. तळघरात ते पुढे आले की वाइनवाला मागे सरके. शेवटी त्याने त्यांना अतिशय प्रेमाने दाराजवळची वाऱ्याची खुर्ची दिली आणि सगळे प्याले तिकडे पोचते केले.

जमिनीत गळ्यापर्यंत पुरलेले मातीचे प्रचंड रांजण, क्वेव्री, हे तिथलं वैभव. ही पद्धत २०१३ साली युनेस्कोच्या यादीत गेली. पांढरी द्राक्षंसुद्धा सालीबियांसकट त्यात महिनोन् महिने ठेवतात, म्हणून वाइनला पिवळट-तांबूस रंग येतो आणि जिभेला चांगला तुरटपणा लागतो. अण्णांनी रांजणात डोकावून विचारलं, 'देठ पण टाकतात?' दुभाषा असलेल्या चालकाने विचारून सांगितलं, थोडे टाकतात. अण्णांनी मान हलवली. ती पसंतीची होती की काळजीची, ते कळलं नाही.

चाखायचा क्रम जगभर साधारण एकच : पांढरी आधी, तांबडी नंतर, कोरडी आधी, गोड नंतर, हलकी आधी, जड नंतर. प्याला दांडीला धरावा, उजेडात रंग पाहावा, गोल फिरवावा, नाक आत घालावं, मग घोट. पुढचा टप्पा वर्णनाचा, आणि आपली माणसं तिथे घसरतात. पुस्तकांत लिहिलेलं असतं : ब्लॅककरंट, गूजबेरी, ओला दगड, घोड्याचं खोगीर. आमच्यापैकी कुणीही घोड्याच्या खोगिराला नाक लावलेलं नव्हतं. तरी स्नेही दाराजवळून ओरडले, 'ब्लॅककरंट येतोय!' सूचना तिसरी : जे फळ खाल्लेलं नाही त्याचा वास ओळखू नये. सापेरावी नावाचं तिथलं काळं द्राक्ष आहे, त्याचा गरसुद्धा लाल असतो. त्याची वाइन मला थेट पिकलेल्या करवंदांची लागली, बायकोला जांभळाची. वाइनवाल्याला करवंद समजावून सांगण्यात अर्धा तास गेला, पण तो इतका खूश झाला की त्याने वहीत लिहून घेतलं. कोकम, ईडलिंबू, गवती चहा, भिजवलेली चिंच एवढं भांडवल नाकात असलेल्या माणसाला ब्लॅककरंट कशाला हवा?

आणि आता थुंकण्याचा विषय. टेबलावर एक चकचकीत भांडं असतं. चाखलेली वाइन त्यात थुंकायची, अशी तिथली सभ्य रीत. हे ऐकून सासूबाईंचा चेहरा पाहण्यासारखा झाला. ज्या देशात लोकांनी थुंकू नये म्हणून जिन्याच्या कोपऱ्याकोपऱ्यात देवांच्या चित्रांच्या फरश्या बसवाव्या लागतात, तिथून आलेल्या बाईला चारचौघांत, टेबलावर, जेवणाशेजारी थुंकणारे सुशिक्षित युरोपियन पाहावे लागले. 'बाहेर जाऊन थुंका म्हणावं,' एवढंच त्या म्हणाल्या. आपल्या पुरुषांची अडचण वेगळी. पैसे दिलेले असतात. पैसे देऊन घेतलेली वस्तू थुंकायची, हे आपल्याला कुठल्याच शाळेत शिकवलेलं नाही. पण हिशेब करून पाहावा. एका वेळी पन्नास मिलिलिटर, असे सहा प्रकार, म्हणजे तीनशे मिलिलिटर. बाटली साडेसातशेची. म्हणजे एका वाइनरीत अर्ध्या बाटलीच्या जवळ, आणि दिवसात तीन वाइनरी पाहायच्या ठरलेल्या. थुंकत नसाल तर तिसऱ्या वाइनरीचं तुमचं मत कुणी विचारणार नाही, आणि विचारलं तर तुम्ही ते फार वेळ सांगाल. स्नेह्यांनी सांगितलं.

पोटात काहीतरी हवं. उपवासाच्या दिवशी वाइनरीत जाणाऱ्या मराठी माणसाबद्दल मी दोन्ही बाजूंनी काही बोलत नाही. जॉर्जियात शाकाहाऱ्याची उपासमार होत नाही : चिजने भरलेली खाचापुरी, घेवड्याचं लोबियो, आणि अक्रोडाची चटणी भरून गुंडाळलेली वांगी, जी सासूबाईंना आपल्या भरल्या वांग्यांची सासरी गेलेली बहीण वाटली. चालक आपल्यातला नसावा आणि असला तर चाखणारा नसावा. भारतात शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल सापडलं की गुन्हा होतो, हे नाशिकला जाणाऱ्यांनी तर पाठच करावं.

नाशिकचं वेगळं सांगायला हवं, कारण थुवालची मराठी माणसं शेवटी सुट्टीला तिथेच जातात. गंगापूर धरणाच्या बाजूला चाखण्याची दालनं आता इतकी रुळली आहेत की पूर्वी पाहुण्यांना पंचवटी दाखवणारे लोक आता दुपारी पंचवटी आणि संध्याकाळी वाइनरी दाखवतात. नारायणगावला शामराव चौगुल्यांनी ऐंशीच्या दशकात फसफसणारी वाइन केली आणि परदेशात पाठवली. नाशकात सुला १९९९ साली सुरू झाली. पण जाण्याआधी पंचांग पाहा. १५ ऑगस्टची सुट्टी जोडून, आषाढीला किंवा २ ऑक्टोबरला परदेशातून हौसेने पोचलेली कुटुंबं मी कोरड्या दिवशी द्राक्षाच्या रसावर फोटो काढताना पाहिली आहेत. आम्हाला काही वाटत नाही, आमचं वर्षच कोरडं. शिवाय महाराष्ट्रात कायद्याने प्यायला परवाना लागतो आणि तो प्रकृती राखण्यासाठी दिलेला असतो. जॉर्जियन माणसाला मी हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, तुमचं सरकार फार समजूतदार आहे.

काखेतीतल्या त्या संध्याकाळी जेवण झालं. जॉर्जियन मेजवानीत एक तमादा असतो, तो प्याला उंचावून भाषण करतो : शांततेसाठी, आईवडिलांसाठी, गेलेल्यांसाठी. प्रत्येक भाषणानंतर सगळे 'गाउमारजोस' म्हणतात आणि पितात. मग पाहुण्यांनी बोलायचं असतं. अण्णांपुढे त्याच दिवशी पिळलेला द्राक्षाचा ताजा रस होता. ते उठले, टोपी नीट केली आणि मोठ्याने विठ्ठलाचा जयघोष केला. टेबलावर क्षणभर कुणाला काही कळेना, मग अख्खी पंगत 'गाउमारजोस' म्हणून उठली. तमादाने अण्णांना मिठी मारली. हे भाषण सर्वांत आटोपशीर झालं, असं त्याचं मत पडलं.

परतीची सूचना सर्वांत महत्त्वाची. थुवालला परतणाऱ्याने बाटली विकत घेऊ नये. दारूचा एक थेंब सौदीत नेता येत नाही, अगदी आत रम असलेलं चॉकलेटही नाही. याचा फायदा असा की आमच्यासारख्यांना वाइनरीतला विक्रेता सहज ओळखतो आणि वेळ वाया घालवत नाही. गंमत अशी की बाटलीची काळजी करणाऱ्या मराठी माणसाचं खरं संकट बाटलीत नसतंच. सौदीत खसखस आणायला बंदी आहे आणि जायफळावरही कडक बंधनं आहेत. म्हणजे दारूच्या संशयाने ज्याची कुणी झडती घेणार नाही, असा माळकरी माणूस अनारशांच्या डब्यासह अडकू शकतो. निफाडहून येताना सासूबाईंच्या पिशवीतून आम्ही अनारसे, बासुंदीची पूड आणि कुणा शेजारणीचा मसाला घरीच काढून ठेवायला लावला होता. अनारशाला बंदी असलेला देश त्यांना अजून पटलेला नाही.

येताना पिशवीत फक्त चुर्चखेला होती : दोऱ्यात ओवलेले अक्रोड, द्राक्षाच्या घट्ट शिजवलेल्या रसात बुडवून वाळवलेले. दारू नाही, खसखस नाही. तरी जेद्दाच्या विमानतळावर अधिकाऱ्याने ती काळी कांडी बाहेर काढून वास घेतला, आमच्याकडे पाहिलं, पुन्हा वास घेतला. अण्णा मराठीत म्हणाले, 'खाऊन बघा की.' त्याने खाल्लं नाही, पण हसून पिशवी पुढे सरकवली.

अण्णा वेळेत निफाडला पोचले. छाटणीच्या गडबडीत बांधावर शेजाऱ्याने विचारलं, 'एवढी आठ हजार वर्षांची दारू करतात म्हणे तिकडे, कशी काय होती?' अण्णांनी कात्री थांबवली नाही. म्हणाले, 'माल बरा आहे. पण विरळणी करत नाहीत, घड दाटतात. आणि पानावर भुरी होती, मी पोराला दाखवून आलो.'