घर आपलं, भाडं गावाचं

न्यू जर्सीत घराचं कर्ज फिटलं की माणूस पेढे वाटतो. पेढा गिळायच्या आत टाउनशिपचं घरपट्टीचं बिल येतं आणि कळतं, फक्त सावकार बदलला. फेब्रुवारी, मे, ऑगस्ट, नोव्हेंबर, वर्षाला चार हप्ते. 2024 मध्ये राज्यातली सरासरी घरपट्टी 10,000 डॉलरच्या वर गेली. देशात पहिला नंबर!

यातला निम्म्याहून अधिक पैसा शाळांना जातो. उरलेल्यात साडेपाचशेहून जास्त नगरपालिका आपापले संसार थाटून बसल्यात. दोन गावं एक करा म्हटलं की दोन्हीकडचा स्वाभिमान खडबडून जागा होतो. स्वाभिमानाचं बिल अर्थातच आपल्या नावे.

न्यू जर्सीतल्याच एडिसनच्या मराठी घरांत मुलं शाळेत असेपर्यंत हा कर म्हणजे 'शिक्षणातली गुंतवणूक'. धाकटी कॉलेजला गेली की त्याच आकड्याला 'लूट' म्हणतात. मग जेवणानंतर लॅपटॉप उघडून टेक्सासची घरं पाहिली जातात. "अहो, तिथं राज्याचा आयकरच नाही!" खरंय, पण घरपट्टीचा दर बघून नवरा हळूच फ्लोरिडाकडे वळतो, आणि वादळाच्या विम्याचा हप्ता पाहून पुन्हा एडिसनला परततो.

जायचं तर खुशाल जा. फक्त एक लक्षात ठेवा: आपली मुलं शिकत होती तेव्हा शेजारचे आजी-आजोबाही हाच कर भरत होते. आणि घर विकायला काढाल, तेव्हा जाहिरातीत पहिली ओळ 'उत्तम शाळा' हीच टाकाल.