पाच पाठवली, आठ आली

अमेरिकेतल्या आयांवर एक जुना आळ आहे. मुलगा कॉलेजला किंवा लष्करात गेला, की त्याच्या खोलीतली बेसबॉल कार्डांची बुटांची खोकी त्यांनी कचऱ्यात टाकली, हा तो आळ. इथल्या सत्तरीच्या कुठल्याही पुरुषासमोर बेसबॉल कार्डांचा विषय काढून बघा. तो आधी सुस्कारा सोडेल आणि मग आईचं नाव घेईल. "मिकी मँटल होता हो माझ्याकडे. आईने टाकला!" या मँटल नावाच्या खेळाडूचं टॉप्स कंपनीचं १९५२ सालचं एक कार्ड २०२२ मध्ये लिलावात १ कोटी २६ लाख डॉलरला गेलं. त्या दिवशी स्वर्गातल्या किती आयांना उचक्या लागल्या असतील, देव जाणे.

मला मात्र या बायकांची बाजू घ्यावीशी वाटते. एक तर त्यांनी टाकली म्हणूनच उरलेल्यांना भाव आला. आणि दुसरं, आयांच्या आधी खुद्द कंपनीनेच टाकली होती. १९५२ च्या संचातली शेवटची कार्डं निघाली तोवर बेसबॉलचा हंगाम सरत आला होता, पोरांचं लक्ष दुसरीकडे गेलं होतं. माल पडून राहिला. १९६० साली टॉप्सचे साय बर्गर यांनी ती खोकीच्या खोकी बार्जवर चढवली आणि न्यू जर्सीच्या किनाऱ्यापासून लांब अटलांटिक महासागरात बुडवली. ही हकिकत पुढे ते स्वतःच सांगत. मँटल त्याच शेवटच्या मालातला. कंपनीने समुद्रात टाकला तर गोदाम मोकळं केलं म्हणायचं, आणि आईने टाकला तर आयुष्याचं नुकसान!

आमच्या घरात असलं काही घडण्याचा प्रश्नच नव्हता. दह्याचे रिकामे डबे, भेटवस्तूंच्या रिबिनी, धुऊन वाळवलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या यांनी आमचं क्लीव्हलँडजवळचं घर इतकं भरलं आहे, की चार खोकी कार्डांनी त्यात काही फरक पडला नाही. मुलाने ती जमवली साधारण १९८७ ते १९९२ या काळात. तेव्हा या देशातल्या यच्चयावत पोरांना खात्री होती की कॉलेजची फी यातूनच निघणार. बेकेट नावाचं दर महिन्याचं भावपत्रक असायचं. आमचे चिरंजीव ते ज्या एकाग्रतेने वाचत, तिच्या निम्म्याने जरी त्यांनी गणित केलं असतं, तर फी शिष्यवृत्तीतूनच निघाली असती.

झालं असं, की जुन्या कार्डांचे भाव पेपरात छापून आले आणि त्यानंतर कुठल्याच आईने काही टाकलं नाही. कंपन्यांनीही बेसुमार छापली. सगळ्यांनी जपून ठेवलं ते कुणाला हवं असणार? १९८७ चा टॉप्सचा संच घ्या. ७९२ कार्डं, प्रत्येकाला लाकडी फळीच्या नक्षीची चौकट. आज हा अख्खा संच दोघांच्या हॉटेलातल्या जेवणापेक्षा स्वस्त मिळतो. मुलाला म्हटलं, "घेऊन जा तुझं तुझ्याकडे." तो म्हणाला, "टाकून दे, आई." टाकून दे! मला!

मी खोकी उघडली. नंबर लावले. तर एकेका खेळाडूची चार-चार कार्डं आणि मधले कित्येक नंबर गायब. मला बेसबॉल कळत नाही. माणसं बॅट घेऊन उभी राहतात आणि बराच वेळ थुंकतात, एवढं कळतं. पण ४११ आहे, ४१३ आहे आणि ४१२ नाही, हे ज्या बाईला सहन होतं तिने कधी चहाचा सेट घेतला नसावा.

ज्यांना आपल्यासारखंच एखादं ४१२ हवं आहे अशी माणसं या देशात गावोगाव आहेत, हे मला एका चर्चच्या हॉलमधल्या कार्ड-बाजारात कळलं. आपली हव्या असलेल्या नंबरांची यादी द्यायची, त्यांची घ्यायची, आणि पोस्टाने अदलाबदल करायची. पैशाचं नाव काढायचं नाही. तिथेच कुणीतरी मला विस्कॉन्सिनच्या एका गृहस्थांचा पत्ता दिला. त्यांना मिलवॉकी ब्रुअर्स या संघाची कार्डं हवी होती. मी मुलाच्या आवडीचा म्हणून क्लीव्हलँडचा संघ सांगितला. आठवड्याभरात त्यांचं पत्र आलं, 'मिस्टर' असं लिहून पुढे आमचं आडनाव. आत मजकूर असा: "तुम्हांला इंडियन्स गोळा करायचे आहेत असं कळलं. माझ्या तळघरात भरपूर इंडियन्स पडून आहेत. एका ब्रुअरला दोन इंडियन या हिशेबाने पाठवू का?"

आमच्या ह्यांनी पत्र वाचलं, चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं. मग मला सांगावं लागलं, की क्लीव्हलँडच्या संघाचं नावच तेव्हा इंडियन्स होतं. १९१५ पासून २०२१ पर्यंत होतं, आता ते गार्डियन्स झालेत. "तरी दर जरा कमीच लावलाय," एवढंच ते म्हणाले. 'मिस्टर'चा खुलासा मीही बरेच दिवस केला नाही. बायकांनी पाठवलेल्या कार्डांचे कोपरे हे लोक भिंगाखाली तपासतात की काय, अशी मला शंका होती.

या व्यवहारात माणसाची पारख पाकिटावरून होते. चांगला माणूस कार्ड आधी पातळ प्लास्टिकच्या पिशवीत घालतो. मग ते टॉपलोडर नावाच्या कडक प्लास्टिकच्या खोळीत सरकवतो. खोळीचं तोंड बंद करायला रंगारी वापरतात ती निळी टेप घेतो, आणि ती चिकटवताना टेपचं टोक आत दुमडून ठेवतो, म्हणजे उघडणाऱ्याला ते नखाने धरता यावं. त्या दुमडलेल्या टोकात मला आजवरच्या कित्येक आभारपत्रांपेक्षा जास्त सौजन्य दिसलं आहे. साधी पारदर्शक चिकटपट्टी लावणारे वेगळे. ती कात्रीने सोडवावी लागते, तिचा डिंक खोळीत ओघळतो आणि कार्ड बाहेर येताना कोपरा सोलतो. अशा माणसाशी पुन्हा व्यवहार करावा की नाही, याचा मी दोन दिवस विचार करते आणि मग करते, कारण ४१२ त्याच्याकडे असतं.

खोळीच्या दोन्ही बाजूंना पुठ्ठा लागतो. विस्कॉन्सिनचे गृहस्थ न्याहारीच्या सीरियलच्या खोक्यांचा वापरतात. माझ्याकडे गुलाबजाम मिक्सची खोकी होती. उलटटपाली कार्डांची पोच आली आणि खाली प्रश्न होता, की पुठ्ठ्यावरचे ते पाकातले तपकिरी गोळे कोणते, आणि पाकिटाला जो वास येतो आहे तो त्यांचाच का? वास हिंगाचा होता. पोस्टाची तिकिटं मी मसाल्याच्या कपाटात ठेवते. पुढच्या वेळी कार्डांबरोबर गुलाबजाम मिक्स गेलं. त्यांनी वाळवलेल्या क्रॅनबेरी पाठवल्या, विस्कॉन्सिनइतक्या क्रॅनबेरी या देशात दुसरीकडे कुठे पिकत नाहीत. मी ताज्या क्रॅनबेरींचं लोणचं घालून धाडलं. इथल्या मराठी घरांत कैरीची तहान आम्ही त्यावरच भागवतो. त्यांच्या बायकोने ते टर्कीबरोबर खाल्लं म्हणे. असो.

शेजारच्या घरून वाटीतून काही आलं तर वाटी रिकामी परत करायची नाही, हे आपल्याकडे कुणी शिकवावं लागत नाही. निदान चार साखरेचे दाणे तरी घालायचे. या कार्डवाल्यांना ही रीत कुणी शिकवली, मला ठाऊक नाही, पण ते ती आपल्यापेक्षा कडक पाळतात. पाच पाठवली की आठ येतात. "ही जादा तीन होती पडून, राहू द्या," अशी चिठ्ठी असते. राहू द्या कसं? मग मी अकरा पाठवते. त्यावर चौदा येतात. बाजारात या कार्डांना किंमत नाही, त्यामुळे आपण नक्की किती देणं लागतो हे दोघांपैकी एकालाही सांगता येत नाही, आणि सगळी गंमत तिथेच आहे. नक्की आकडा कळला असता तर कुणीतरी तो चुकता केला असता आणि पत्रं थांबली असती.

आमचे हे आयुष्यभर अकाउंट्समध्ये होते. त्यांना हा प्रकार बघवत नाही. "अगं, पाच सेंटचं कार्ड पाठवायला डॉलरभर तिकिटं? त्यापेक्षा अख्खा संच विकत घे आणि मोकळी हो." पुन्हा कडक पाकीट पोस्टाच्या यंत्रात वळत नाही म्हणून त्याला वर जादा आकार, तो त्यांना फार लागतो. त्यांना मी एवढंच सांगते, की संच विकत घेऊन मोकळंच व्हायचं असतं तर मी कार्डं जमवली नसती, योगासनं केली असती. तिकिटांचं म्हणाल, तर यातले मुरलेले लोक चालू तिकिटं लावतच नाहीत. अमेरिकेत १८६१ पासूनचं कुठलंही कोरं तिकीट आजही चालतं. जुन्या तिकिटांचे संग्रह दर्शनी किमतीपेक्षा स्वस्तात विकले जातात, ते हे लोक घेतात आणि लावतात. म्हणजे एका संग्राहकाची हौस दुसऱ्या संग्राहकाच्या पाकिटावर खपते. विस्कॉन्सिनच्या पाकिटावर इतकी पक्षी-फुलं-राष्ट्राध्यक्ष असतात, की आमचा पत्ता कोपऱ्यात अंग चोरून बसलेला असतो.

या छंदात पोस्टाचा हात पहिल्यापासूनचा. १९३३ साली बोस्टनच्या गौडी गम कंपनीने च्युइंगगमबरोबर द्यायचा २४० कार्डांचा संच काढला, त्यात १०६ नंबर छापलाच नाही. पोरं च्युइंगगम चघळत जबडे दुखवून घेत होती आणि १०६ काही निघत नव्हता. शेवटी लोकांनी कंपनीला तक्रारीची पत्रं लिहिली. कंपनीने १९३४ मध्ये १०६ छापला, आणि ज्यांनी ज्यांनी पत्र लिहिलं त्यांना टपालाने पाठवला. त्यातल्या काहींवर कागदाला लावलेल्या क्लिपचा वण आजही दिसतो. तक्रार केल्यावर कंपनीने घरपोच पाठवलेला तो १०६ आज दुर्मिळांतला दुर्मिळ आहे. त्यावर चित्र आहे नॅप लाजोईचं, म्हणजे आमच्याच क्लीव्हलँडचा जुना मोहरा. एके काळी संघाला त्याच्या नावावरून 'नॅप्स' म्हणत.

आणि ज्याने या सगळ्या पसाऱ्याला शिस्त लावली तो जेफरसन बर्डिक सिरॅक्यूजचा, विजेची उपकरणं बनवणाऱ्या कारखान्यात काम करणारा एकटा माणूस. सिगारेटच्या पाकिटातली, गोळ्या-चॉकलेटातली, च्युइंगगममधली, सगळी कार्डं त्याने गोळा केली आणि १९३९ मध्ये त्यांची सूची काढली. त्याने दिलेले टी-२०६ सारखे क्रमांक आजही चालतात. मग तीन लाखांवर कागद त्याने न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमला देऊन टाकले. म्युझियमने घेतले, पण लावायचे त्यानेच. संधिवाताने आखडलेल्या बोटांनी तो ते वर्षानुवर्षं आल्बमांत चिकटवत बसला. जानेवारी १९६३ मध्ये काम संपलं आणि मार्चमध्ये तो गेला. क्रिकेटवेड्या माणसांच्या घरी मला 'तुम्हांला बेसबॉल कळत नाही आणि हे काय' असं कुणी म्हटलं, की मी बर्डिकचं नाव सांगते. त्याला कागदाचा नाद होता, खेळाचा नव्हे.

माझ्या पत्रमित्रांत नेब्रास्काचे एक पाद्री आहेत. ते फक्त चुकांची कार्डं जमवतात. १९५७ चा हँक आरन, ज्याची निगेटिव्ह उलटी छापल्यामुळे तो डावखुरा झाला. १९६९ चा ऑरेलिओ रॉड्रिगेझ, ज्यावर फोटो आहे संघाच्या बॅटी उचलणाऱ्या पोऱ्याचा. इतरांची पापं ऐकून घेणं हा व्यवसायच असल्यामुळे त्यांना हे जमत असावं. १९८९ चं फ्लिअर कंपनीचं बिली रिपकिनचं कार्ड प्रसिद्ध आहे. त्यात त्याच्या बॅटच्या मुठीच्या टोकावर जे लिहिलंय ते मी इथे लिहू शकत नाही. कंपनीच्या लक्षात आल्यावर तिने ते कधी काळ्या चौकोनाने, कधी गिरगटून, कधी पांढऱ्याने झाकलं. पाद्रीबाबांनी मला पाठवलेल्या यादीत ही सगळी झाकलेली रूपं आहेत. उघडं नाही. म्हणजे ते त्यांच्याकडे आधीच असणार.

जीव सगळ्यात जास्त कुणासाठी तुटत असेल, तर अँडी पाफ्कोसाठी. १९५२ च्या संचात त्याचा नंबर १. पोरं गठ्ठा नंबरवार लावत आणि त्याला रबर बांधत. रबर कायम पाफ्कोच्या अंगावर. त्यामुळे त्याचं धड कार्ड सापडणं महाकठीण. पहिला नंबर आला की काय होतं, ते बघा. आमच्या चिरंजीवांनीही पेपराबरोबर येणारी रबरं वापरली होती. फक्त एक कार्ड त्यांनी वेगळं, कडक खोळीत ठेवलं होतं. अपर डेक कंपनीचं १९८९ चं केन ग्रिफी ज्युनियर, त्याचाही नंबर १.

परवा त्यांचा फोन आला. "आई, माझं ग्रिफी आहे ना गं अजून?"

"आहे की."

"पाठवून दे ना. लेकीला शाळेत कुणीतरी कार्डांचा नाद लावलाय."

"पाठवते. बदल्यात काय आहे तुझ्याकडे?"

तो हसला. मी हसले नाही. "आई, ते माझंच आहे!"

"तू टाकून दे म्हणाला होतास. यादी पाठव."

मागे काहीतरी कुजबुज झाली, फोन ओढल्याचा आवाज आला आणि नातीचा आवाज ऐकू आला. "आजी, तुला कुठले नंबर हवेत? माझ्याकडे डबल आहेत."

व्यवहार कळणारं माणूस फोनवर आलं म्हटल्यावर मी चष्मा शोधला आणि यादी घेऊन बसले.