पगार मालकाचा, भरणा गिऱ्हाइकाचा

अमेरिकेत कॉफी घ्यायला गेलं की गल्ल्यावरचा पोरगा टॅब्लेटची स्क्रीन आपल्याकडे फिरवतो. १८ टक्के, २० टक्के, २५ टक्के. ‘टिप नको’ असंही बटण असतं, पण ते सापडेपर्यंत मागची रांग तुमच्या चारित्र्याचा निकाल लावून मोकळी होते. सेवा काय, तर चिमट्याने उचललेला एक मफिन.

हॉटेलातल्या वेटरची कथा याहून सरस. टिप मिळणाऱ्या कामगाराला मालकाने द्यायची संघराज्याची किमान मजुरी ताशी २.१३ डॉलर. १९९१ पासून ती तसूभर हललेली नाही. टिप धरूनही सर्वसाधारण किमान मजुरीचे ताशी ७.२५ डॉलर भरत नसतील, तर तूट मालकाने सोसावी, असं कायदा म्हणतो. हा ७.२५ चा आकडाही २००९ पासून समाधी लावून बसलाय. कॅलिफोर्नियासारखी थोडी राज्यं मालकाला टिप मजुरीत धरण्याची ही सवलत देत नाहीत. बाकी ठिकाणी वेटरचा पगार म्हणजे गिऱ्हाइकाची मर्जी.

२०२४ च्या निवडणुकीत ट्रम्प आणि कमला हॅरिस यांचं एका गोष्टीवर मात्र एकमत झालं: टिपेवर आयकर नको. दोघांनीही हे वचन लास व्हेगासमध्येच दिलं; जुगाराला साजेशी जागा. हॅरिसबाई किमान मजुरी वाढवण्याचंही बोलल्या. त्या हरल्या.

२०२५ मध्ये कायदा झाला. वर्षाला २५,००० डॉलरपर्यंतच्या टिपेवर आयकराची सूट मिळाली. ज्या वेटरची कमाई इतकी तुटपुंजी की आयकर लागतच नव्हता, त्यालाही ही सूट आहे. मालकांना मजुरी वाढवा, असं त्या कायद्यात कुठेही म्हटलेलं नाही.