मेहेरबान एसीपी प्रद्युम्न यांस दिवाळीनिमित्त अनावृत विनंतीअर्ज

श्री. रा. रा. एसीपी प्रद्युम्न, सी. आय. डी., मुंबई, यांसी,

सा. न. वि. वि.

अर्जदार हा मौजे कशेळी, तालुका भिवंडी, जिल्हा ठाणे येथील कायम रहिवासी व सेवानिवृत्त कारकून असून, १९९८ साली आपले दफ्तर दूरचित्रवाणीवर उघडल्यापासून आपल्या तपासास शक्यतो सहकुटुंब हजर राहत आला आहे. २०२५च्या एप्रिलात वाहिनीने आपल्या निधनाची वार्ता शोकसंदेशासह प्रसिद्ध केली आणि पुढे थोड्याच अवधीत आपण जातीने कामावर रुजू झालात, याबद्दल आनंद व्यक्त करावा की हरकत नोंदवावी हे अर्जदारास ठरविता आलेले नाही; कारण आम्हा निवृत्तिवेतनधारकांस दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला सादर केल्यावाचून कोणी जिवंत समजत नाही, आणि आपणाकडे मात्र असा कागद कोणी मागितल्याचे ऐकिवात नाही.

असो. मूळ मुद्दा दिवाळीचा आहे.

सणासुदीचे म्हणून जे ‘विशेष भाग’ कौटुंबिक मालिका प्रेक्षकांच्या पदरी घालतात, त्यांत एक सासू आरतीचे तबक उचलते आणि ते तबक देवापुढे पोहोचेपर्यंत घरातील यच्चयावत मंडळींचे चेहरे गडगडाटासह तीन-तीन वेळा दाखविले जातात; गुन्हा घडत नाही, उकल होत नाही, फक्त तेल जळते. उलटपक्षी, आपण जर त्याच संध्याकाळी बोटे फिरवीत ‘कुछ तो गडबड है’ एवढे उद्गारलात, तर ज्या घरात फराळावरून अबोला आहे त्या घरातील दोन्ही जावा एका सतरंजीवर येऊन बसतात, हा अर्जदाराचा प्रत्यक्ष अनुभव आहे.

सणाच्या दिवशी मुडदा कशाला, अशी हरकत अर्जदाराच्या वडील बंधूंनी घेतली होती. त्यांस नम्रपणे निदर्शनास आणून दिले की, ज्या पहाटे आपण अभ्यंगस्नान करून डाव्या पायाच्या अंगठ्याखाली कारीट चिरडतो, ती पहाट एका वधाचीच आहे. मारणारा कोण हे पहिल्यापासून ठाऊक असते, एवढीच त्या कथेतील उणीव. शिवाय १९०९ साली का. र. मित्रांच्या ‘मनोरंजन’ने दिवाळी अंकाची प्रथा घातल्यावर पुढे मराठी माणूस चकलीबरोबर गूढकथाही खाऊ लागला, अनंत अंतरकरांचे ‘नवल’ मासिक याच भुकेवर पोसले, आणि एरवीच्या दिवसांसाठी बाबुराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांतला झुंजार होताच. इंग्रजांनी नाताळाशी हीच सोयरीक जुळविली. त्यांचा शेरलॉक होम्स नाताळातल्या हंसाच्या पोटातून निघालेल्या निळ्या रत्नाचा माग काढतो, आणि त्याबद्दल कोणी त्यास अभद्र म्हणत नाही.

आपण स्वतःही हे जाणता. २००४च्या नोव्हेंबरात, दिवाळी तोंडावर आली असता, आपण ‘द इनहेरिटन्स’ हा १११ मिनिटांचा भाग मध्ये कोठेही न तोडता, एका सलग चित्रणात सादर केलात व विक्रम नोंदविलात. विषय कोणता, तर वारसा! दिवाळी आणि वारसा यांचा संबंध ज्यास उमगला, त्यास कशेळीची निराळी शिफारस करण्याचे कारण नाही. येथे गोदामे आली, आग्रा रोडवर मेट्रोचे खांब उभे राहिले, जमिनीचे भाव चढले. आणि एरवी एकमेकांचे फोन न उचलणारे सातबाऱ्यावरील समस्त खातेदार, त्यांच्या बहिणी, मेहुणे व मुंबईत वकील असलेले एक भाचे लक्ष्मीपूजनास एका छपराखाली येतात. इतके संशयित, इतका हेतू आणि बाहेर जाण्यास वाहतुकीच्या कोंडीमुळे वाट नाही, असा बंदिस्त मुलूख आपणास अन्यत्र कोठे मिळेल?

तरी येत्या दिवाळीचा विशेष तपास मौजे कशेळी येथे लावण्याचा हुकूम व्हावा. आपले गुन्हेगार शेवटी ज्या ओसाड गोदामात सापडतात, तशी गोदामे येथे मुबलक आहेत, मात्र ती ओसाड नाहीत, हे आधीच नमूद करणे इष्ट. दुसरी अडचण लाथेने दरवाजे तोडणारे निरीक्षक दया यांची. येथील गोदामांस दरवाजा नसून तळाशी दोन्ही बाजूंनी कुलपे घातलेले लोखंडी शटर असते. त्यास लाथ मारल्यास ते नुसते दणाणते, आत मात्र पडत नाही. ते कुलपे काढून, वाकून, दोन्ही हातांनी वर ढकलावे लागते, आणि या कामी येथील कोणताही हमाल आपल्या पथकाहून अधिक वाकबगार आहे. आपले न्यायवैद्यक तज्ज्ञ डॉ. साळुंखे यांनी विषाची परीक्षा करावी, पण शंकरपाळ्यांचा डबा मुद्देमाल म्हणून जप्त करू नये.

कळावे, लोभ असावा, ही विनंती.

आपला,
एक अर्जदार, मौजे कशेळी

ता. क. — हा तपास कृपया दोन रविवारांत विभागू नये. पाहुणे भाऊबीजेचे जेवण होताच निघतात. खुनी कोण हे न कळता ते गेले, तर पुढील आठवडाभर अर्जदारास ठाण्यापासून नाशकापर्यंत फोनवर जबानी देत बसावे लागेल, आणि मेहुणे पुन्हा जमिनीचाच विषय काढतील.